उन्हात वाकलेल्या तबकड्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, म्हणून आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यामागं घर आवरताना कुणाच्या हाती लागलंच, तर चार लोकांत मोठ्यानं वाचू नका. मी नसले तरी मला लाज वाटेल. आणि लिहायचं आहे तेही लाजेचंच आहे.

माझे सासरे बाजा भाड्यानं द्यायचे. बाजा म्हणजे चावी भरायचा, पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. निजामाच्या राज्यात ते पोरवयात एका तंबू सिनेमावाल्याकडं कामाला होते. त्याचा धंदा बसला तेव्हा राहिलेल्या मजुरीच्या बदल्यात त्यानं हा बाजा आणि पत्र्याची पेटी भरून तबकड्या त्यांच्या हवाली केल्या. मग कुरुंद्यापासून बाळापूरपर्यंत, मधल्या तांड्यांवर सुद्धा, लग्न म्हटलं की सासऱ्यांचा बाजा असायचा. बैलगाडीत खाली कडबा, त्यावर गोधडी, गोधडीवर पेटी, असं ते घेऊन जायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते दिवस सरले होते. लग्नांत लाऊडस्पीकर आले होते. सासरे आता रोज संध्याकाळी ओसरीवर बसून स्वतःसाठीच बाजा लावायचे, सोबत एक-दोन म्हातारे. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच, अशी आमच्या घरची रीत होती. मी आत चुलीपाशी. भाकरी थापताना हाताचा आवाज होतो, म्हणून गाणं सुरू झालं की मी थापायची थांबायचे आणि सासूबाई विचारायच्या, पीठ संपलं का. पुढं पुढं मला दिसलं की कर्ण्याचं तोंड अंगणाकडं न राहता थोडं आतल्या दाराकडं वळलेलं असतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

ती सगळी गाणी स्वातंत्र्याच्या आधीची, हिंदी सिनेमातली. सासरे म्हाताऱ्यांना सांगायचे ते मी आतून ऐकायचे. सुरुवातीला नटालाच गावं लागायचं. गळा नसेल तर नट होताच यायचं नाही. झाडाखाली उभं राहून तो गायचा आणि पेटीवाला, तबलेवाला त्याच झाडामागं उकिडवे बसून वाजवायचे. मधेच कावळा ओरडला की सगळं पहिल्यापासून. नंतर गाणारी वेगळी आणि तोंड हलवणारी वेगळी अशी सोय निघाली. तरी तबकडीवर नाव छापायचे ते सिनेमातल्या पात्राचं. गाणाऱ्या बाईचं नावच नसायचं. सासऱ्यांना याचा फार राग. म्हणायचे, गळा हिचा आन नाव भलतीचं. मला मात्र ती सोय बरी वाटायची. मला कुणी गायला लावलं असतं तर मी याच अटीवर गायले असते.

एकदा पीठ मळताना माझ्या तोंडून एक ओळ निघून गेली. मला वाटलं मनातल्या मनातच म्हणतेय. ओसरीवरचे सगळे एकदम गप्प झाले तेव्हा कळलं. त्यानंतर आजपर्यंत मी गायले नाही.

तबकड्यांवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती. पण मधल्या कागदाचा रंग, कडेचा टवका, कुठं ओरखडा आहे, यावरून मला एकूणएक तबकडी ओळखू यायची. सासरे गेले, सासूबाई गेल्या, पुढं माझे मालकही गेले. पेटी माझ्या खोलीत आली. बाजा मी वर्षातून एखाद्या वेळी लावायचे, दार लोटून घेऊन.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात नांदेडहून एक साहेब आले. बँकेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात चष्मा. बाळापूरच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कुरुंद्यात अमक्याच्या घरी जुन्या तबकड्या आहेत. ते फटफटीवर आले होते. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआडून बोलत होते. माझी धाकटी जाऊ शेजारीच राहते, ती पुढं झाली आणि म्हणाली, "बसा की साहेब. आमच्या अक्काला बोलायची सवय न्हाई, पर ऐकायला येतं तिला."

साहेबांनी एकेक तबकडी हातात घेऊन पाहिली. कडेला धरून, दोन तळव्यांत, सासरे धरायचे तशी. मी कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. अजूनही अशी धरणारं माणूस आहे हे पाहून मला बरं वाटलं. पेटीतल्या बहुतेक सगळ्याच त्यांना हव्या होत्या. बाजाही मागितला. बाजा देणार नाही, असं मी जावेकरवी सांगितलं. त्यांनी तबकड्यांचे पंधरा हजार सांगितले. एवढी रक्कम मी एकरकमी कधी हाताळली नव्हती.

ते फटफटीवर तबकड्या नेणार नव्हते. म्हणाले, "पाडवा झाला की गाडी घेऊन येतो, ताई. तोवर नीट खोकी करून घेतो. पैसे मात्र आजच ठेवा." मी नको म्हणायला हवं होतं. पण माझ्या खोलीचा स्लॅब गळत होता. पावसाळ्यात पेटी पलंगावर ठेवून मी खाली निजायचे, तरी ती ओली व्हायची. मी पैसे घेतले. महिन्याच्या आत वर नवा थर टाकून घेतला, खालून चुना मारला आणि पैसे संपले.

पाडवा जवळ आला तशी मी पेटी उघडली. आतून कुबट वास आला. स्लॅबच्या कामात वरून पाणी झिरपलं असणार, तबकड्यांवर बुरशीचे पांढरे डाग आले होते. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस पैसे मोजून नेणार आणि आपण अशी घाण त्याच्या हातात देणार. पाहुण्यांपुढं उष्टं ताट ठेवावं तसं वाटलं. मी रिठे उकळून, पाणी गार करून, एकेक तबकडी मऊ फडक्यानं पुसली. मधल्या कागदाला पाणी लागू दिलं नाही. हे बरोबर केलं होतं, असं नंतर साहेब स्वतः म्हणाले.

मग वाळवायच्या होत्या.

थंडीच्या सकाळी सासरे अंगणात एखादी तबकडी उन्हाला ठेवायचे, हे मी दारातून कितीदा पाहिलं होतं. काहून ठेवतात, हे विचारायची सोय नव्हती. माझी समजूत अशी की पापड, डाळ, हळद यांना दाखवतो तसं तबकडीलाही ऊन दाखवावं लागतं. दिराची शिजवलेली हळद स्लॅबवर काळ्या ताडपत्रीवर पसरलेली होती. तिची एक कड मोकळी करून मी सगळ्या तबकड्या ओळीनं मांडल्या. पाडव्याच्या तोंडावरचं कडक ऊन. किती छान वाळतील, असं मनात म्हणत मी खाली आले.

दुपारी हळद परतायला वर गेले. पापड तेलात पडल्यावर कडा उचलतो, तशा तबकड्यांनी कडा उचलल्या होत्या. काही मधून खचल्या होत्या. एक तर पार वाडग्यासारखी झाली होती. मी हात लावला तर ती मऊ लागली आणि माझ्या बोटाचा ठसा तिच्यावर राहिला. मी तिथंच हळदीत बसले. जाऊ मागून आली, तिनं एक उचलून पाहिली आणि विचारलं, "अक्का, ह्या थाळ्या बशीवानी काहून झाल्या?" ती हसली नाही, हे तिचे उपकार. मात्र दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीत तिनं कोंबड्यांना दाणे घातलेले मी पाहिले.

मी सगळ्या तबकड्या खाली आणून पेटीत ठेवायला लागले. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या दोन चौकोनी काचा होत्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या. तसबिरीच्या असतील म्हणून तशाच ठेवल्या होत्या. आता नीट पाहिलं तर त्या तबकडीपेक्षा जराशाच मोठ्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सासरे तबकडी वाळवत नव्हते. ते वाकलेली तबकडी दोन काचांच्या मधे घालून, कोवळ्या उन्हात सरळ करत होते. मी लांबून पदराआडून पाहायचे, मला काच दिसलीच नव्हती. चमकतंय ते तबकडीच चमकतंय असं वाटायचं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना एक प्रश्न विचारला असता, तर हे झालं नसतं. आणि ते ओरडले नसते, हेही मला माहीत आहे.

साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, पावणे आलेत, पुढल्या आठवड्यात या. पुढल्या आठवड्यात फोन आला तेव्हा मी बाहेरगावी असल्याचं सांगितलं, आणि त्याच वेळी जाऊ अंगणातून मला हाका मारत होती. त्यांना ते ऐकू गेलं असणार. तरी बरं म्हणाले. मी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. आता फोन वाजला की मी तो उशीखाली ठेवायचे.

तिसऱ्या वेळी जावेच्या पोरीनं फोन उचलून माझ्या कानाला लावला. साहेब म्हणाले, "ताई, मी तगादा लावतोय असं वाटेल तुम्हाला. पण माझी आई नव्वदीच्या पुढं आहे. तुमच्याकडं ती जांभळ्या कागदाची तबकडी आहे ना, पोरींच्या झोपाळ्याच्या गाण्याची? त्यात मागं ज्या पोरी गातात, त्यांत ती आहे. तिला एकदा ऐकवायचंय."

मग त्यांनी सांगितलं, आईचं माहेर कोल्हापूरचं. ती लहान असताना शेजारची एक बाई गल्लीतल्या पाच-सहा पोरींना सिनेमाच्या कंपनीत घेऊन गेली होती. गाऊन झाल्यावर हातावर बर्फी दिली, तेवढंच. घरी कळल्यावर वडिलांनी मारलं. चांगल्या घरच्या मुली सिनेमात गात नव्हत्या. पुढं लग्न होऊन ती नांदेडला आली आणि हे कुणाला सांगायचं नाही असंच ठरलं. लेकालाही तिनं म्हातारपणी सांगितलं. साहेब तेव्हापासून ती तबकडी शोधत होते. आमच्या पेटीत ती त्यांना सापडली तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. मला वाटलं होतं, ह्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे.

ती तबकडी मला पाठ होती. मी त्यांना मधेच म्हटलं, "त्यात एक पोरगी सगळ्यांच्या आधीच सुरू करते." न विचारता मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ओसरीवर सासरे त्या जागी दर वेळी हसायचे, म्हणायचे, हिला घाई झाली घरला जायची.

मग साहेब म्हणाले, "तीच माझी आई. पुन्हा घ्यायला खर्च येईल म्हणून तसंच ठेवलं म्हणे. अजून सांगते ती, माझ्यापायी गाणं बिघडलं."

तेव्हाच मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, पौर्णिमा झाली की या.

मग मी त्या काचा घेऊन बसले. उजाडलं की अंगणात कोवळ्या उन्हात एकेक तबकडी काचांमधे घालायची, हळूहळू मऊ झाली की वरची काच आपल्याच वजनानं खाली बसते, मग सावलीत तशीच गार होऊ द्यायची. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन-तीन मोडल्यावर समजलं. कमी वाकलेल्या आठ-नऊ सरळ झाल्या. बाकीच्या गेल्याच होत्या. जांभळी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, हात बसल्यावर करू म्हणून. तिची कड एका बाजूनं उचलली होती, तेवढंच. त्या दिवशी आभाळ होतं, ऊन पडत आणि जात होतं. मला धीर निघाला नाही. ती पुरती मऊ व्हायच्या आधीच मी वरची काच तळव्यानं दाबली. टिच असा बारीक आवाज आला. कडेपासून जांभळ्या कागदापर्यंत केसाएवढा तडा गेला.

साहेब आले, ते खोकी घेऊन, गाडीत. आत थर्माकोल लावलेली, प्रत्येक तबकडीला वेगळा कप्पा. मी पेटी त्यांच्या पुढ्यात सरकवली, झाकण उघडलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. जावेनं सांगायला तोंड उघडलं तर मी तिला हातानं थांबवलं. निदान तेवढं तरी माझं मीच सांगायचं होतं. पण सांगितलं नाहीच. ते जमिनीवर बसून एकेक काढत गेले. वाडग्यासारखी झालेली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "उन्हात ठेवल्या होत्या का?"

मी मान हलवली.

"ही लाखेची असते, ताई." एवढंच म्हणाले. रागावले नाहीत.

लाखेच्या बांगड्या घालून चुलीपुढं बसू नये, हे मला आईनं परकर नेसायच्या वयात शिकवलं होतं. आधी कुणी लाख म्हटलं असतं तर मला सगळं कळलं असतं. मी वर पाहिलं तर नवा स्लॅब दिसला, पांढराशुभ्र, एक डाग नाही. त्यांनीही वर पाहिलं, असं मला वाटलं.

जांभळी मी पदराखालून काढून दिली. त्यांनी तडा पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला. मी बाजा ओसरीवर आणला, चावी भरली, नवी सुई घातली. सुई त्यांनीच ठेवली. गाणं लागलं. तबकडीच्या दर फेऱ्याला तड्यापाशी टक असा आवाज होई. गाणारी बाई आली, मग पोरी आल्या, आणि त्यांच्या आधी ती एक पोरगी आली, अर्धा शब्द पुढं. साहेबांनी मोबाईल कर्ण्याजवळ धरला होता. दुसरा हात त्यांनी डोळ्यांवर ठेवला. आम्ही दोघी जावा आत निघून गेलो.

जाताना त्यांनी जांभळी आणि सरळ झालेल्या घेतल्या. बाकीची खोकी रिकामीच गाडीत ठेवली. मला म्हणाले, पैशाचं मनात आणू नका, राहू द्या. ते ऐकून मला जितकी लाज वाटली तितकी पेटी उघडताना वाटली नव्हती. ते शिव्या देऊन गेले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मी गाडीपर्यंत गेले आणि पदर डोक्यावरून मागं गेला तरी सावरला नाही. म्हटलं, "साहेब, तुमचे पैसे मी बुडवणार न्हाई. हप्त्यानं देते, पर पुरे देते. तुमी राहू द्या म्हणू नका."

त्यांनी गाडीचं दार धरून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. द्या."

त्या बरं म्हणण्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आईला ऐकवलं म्हणाले. तिनं ओळखलं का, मी विचारलं. ओळखलं. आपलाच आवाज ऐकून हसली, लाजली, तोंडावर हात घेतला. पण मधेच, तड्याचा टक झाला की, सारखी दाराकडं पाहायची. म्हणायची, बघ रे, कोण दार वाजवतंय. साहेब हे हसत सांगत होते, मला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. आता रोज ऐकते आणि रोज विचारते, म्हणाले. ते काय उत्तर देतात, हे मी विचारलं नाही. पुरे देते म्हटलं होतं, तरी पहिल्यांदा मनात होतं की जांभळीचे पैसे वळते करावेत, ती तर त्यांना मिळाली. त्या फोननंतर तो विचार सोडला. पुरे पंधरा द्यायचे.

मी हळदीच्या कामाला जायला लागले. काढणी, शिजवणं, निवडणं. काम नसेल तेव्हा वाकळी-गोधड्या शिवून द्यायच्या. या वयात वाकून वाकून कंबर धरते, पण ते सांगण्यासारखं नाही, गावात सगळ्याच बाया करतात. हजार साठले की जावेच्या पोरीला द्यायचे, ती आपल्या मोबाईलवरून साहेबांना पाठवायची. त्यामुळं घरात सगळ्यांना हिशोब माहीत. जाऊ म्हणायची, तो मागून राहिला का, न्हाई, आन ही देऊन राहिली. दीर म्हणाले, बाजा विकून टाका वहिनी, एका दिवसात फिटतात. त्यांचं बरोबर होतं. साहेबांनी तो आधीच मागितला होता. पण मला तो देववला नाही. ज्या माणसाचं एवढं नुकसान केलं त्याला हवी ती वस्तू घरात ठेवून मी हप्ते भरत होते. हा माझा लोभ आहे, तो इथं लिहून ठेवते.

प्रत्येक हप्त्याला साहेब 'मिळाले' एवढाच निरोप पाठवायचे. एकदाही नको म्हणाले नाहीत, एकदाही उशीर झाला म्हणाले नाहीत. एका पावसाळ्यात मी आजारी पडले, तीन महिने काहीच गेलं नाही. तेव्हा मला वाटायचं, ते आता मनात म्हणत असतील, झालं, बुडवले. पण त्यांचा फोन आला तो तब्येत विचारायला, आणि पैशाचा शब्द निघाला नाही. मी लाजेनं दोन वाक्यांत फोन ठेवला.

परवा शेवटचे हजार झाले. जावेची पोरगी कॉलेजातून आल्यावर मी तिला पैसे मोजून दिले. तिनं ओसरीवर बसून पाठवले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं साहेबांचा निरोप आला, मराठीत होता. मी एकेक अक्षर लावून माझी मीच वाचला. लिहिलं होतं, मिळाले ताई, पंधरा पूर्ण झाले.